मीटर 70 दाखवतोय की!

रविवारी अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये फिल्टरवाल्या पोरानं बोअरच्या पाण्यात पेनाएवढा टीडीएस मीटर बुडवला. 640. मशिनच्या पाण्यात बुडवला. 70. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी विचारलं, "बाळा, ह्यात ट्रायक्लो दिसतं का?" तो म्हणाला, "काका, ते काय असतंय?"

सांगतो. नव्वदच्या दशकात मी कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये कामाला होतो. तेलकट जॉब, म्हणजे धातूचे भाग, ट्रायक्लोरोइथिलीन या सॉल्व्हंटच्या (तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत बुडवले की लख्ख निघायचे, हातातच सुकायचे. गोडसर वास, दुपारपर्यंत डोकं जड. टाकीच्या तळाचा काळा गाळ दर शनिवारी शेडमागं बाभळीच्या बुडाशी ओतायचा. मालक सांगायचा, ओतणारा मी. वाटायचं, उडून जातंय की!

वरचं उडतं. मुरलेलं नाही उडत. पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्यानं ते तरंगत नाही. मुरमातून खाली उतरतं, मग काळ्या पाषाणाच्या भेगांत. आपल्या बोअरला पाणी लागतं तेही तिथंच. भेगांत बसून ते वर्षानुवर्षं थोडंथोडं पाण्यात सुटत राहतं.

ट्रायक्लोनं कॅन्सर होतो हे 2012 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पक्कं केलंय. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम. त्या हिशेबानं एक लिटर ट्रायक्लो 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नासवायला पुरतं, म्हणजे दहा हजार लिटरचे 29 हजार टँकर. माझ्या बादल्यांचा हिशेब मी अजून मांडलेला नाही. आणि मोठा कारखानाच लागतो असंही नाही. तिकडं कॅम्प लेज्यून या लष्करी तळावरच्या एका वसाहतीच्या विहिरी बाहेरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातल्या अशाच दुसऱ्या एका सॉल्व्हंटनं नासवल्या होत्या.

मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, म्हणजे क्षार. सॉल्व्हंट त्याला दिसतच नाही. पाणी उकळलं तर वाफ स्वयंपाकघरात, आपल्याच नाकात. कार्बन फिल्टर धरतो, पण भरला की सोडून देतो, आणि कार्ट्रिज वेळेवर बदलणारे आपण किती ते आपल्याला माहीत आहे. म्हणून म्हणतो, एमआयडीसीजवळच्या प्रत्येक बोअरची गॅस क्रोमॅटोग्राफवर (रसायनं वेगळी करून ओळखणाऱ्या लॅबच्या यंत्रावर) तपासणी व्हायलाच पाहिजे. नमुना काचेच्या बाटलीत, बुडबुडा न ठेवता काठोकाठ; नाहीतर लॅबला पोचेपर्यंत ते उडून जातं.

मशिन घ्यायचं ठरलं. तपासणीचा खर्च मी देतो म्हटलं, तर सेक्रेटरी हळूच म्हणाले, "राहू द्या ओ काका. काही निघालं तर फ्लॅटचे भाव पडतील."