इंडियन ओपन फक्त साहेबांची? एका कॉमेंटला उत्तर

दादा, तुमची कॉमेंट वाचली. गोल्फ म्हणजे साहेबांचे चोचले, इंडियन ओपन या गोल्फस्पर्धेचा इतिहास म्हणजे फॉरेनवाल्यांची यादी, आणि कोल्हापुरात राहून असलं लिहिण्यापेक्षा कुस्तीवर लिहा, असं तुमचं म्हणणं. कुस्तीवर लिहायला इथं प्रत्येक तालमीत माझ्यापेक्षा जाणकार बसलेत, त्यामुळं ते राहू दे. बाकीच्याचं बोलू.

सुरुवात साहेबाचीच, मान्य. १९६४ साली स्पर्धा सुरू झाली त्यात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनचा मोठा हात, ब्रिटिश ओपन पाच वेळा मारलेला माणूस, आणि पहिली ट्रॉफीही त्यानंच नेली. पण पुढच्याच वर्षी कोलकात्यात पी. जी. सेठी जिंकले, ते पण अमॅच्युअर, म्हणजे जिंकूनही बक्षिसाच्या रकमेला हात लावायचा नाही. त्यानंतर भारतीय जिंकायला १९९१ उजाडलं, २६ वर्षं! इथपर्यंत तुमचा राग बरोबर आहे.

पण १९९१ ला जिंकला कोण? अली शेर. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये दुसऱ्यांच्या बॅगा उचलणारा कॅडी, आणि जिंकला त्याच कोर्सवर, म्हणजे मैदानावर. १९९३ ला परत जिंकला. २००९ चा विजेता मुनियप्पा, तोही आधी कॅडीच. आणि दोनदा जिंकलेला चौरसिया, त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये ग्रीनची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताची, देखभाल करायचे, पोरगं तिथंच बघून बघून शिकलं. दिल्लीचा कोर्स बघितला तर कळेल असली पोरं तिथं का चालली, फेअरवे, म्हणजे बॉल मारायचा गवताचा पट्टा, अरुंद, दोन्हीकडं काटेरी झुडपं, मधेच जुने मकबरे, तिथं नुसतं लांब मारून भागत नाही, बॉल झुडपात गेला की संपलं. चौरसिया लांब मारणारा नव्हेच, त्याचं सगळं चिपिंग आणि पटिंगवर, म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांवर. २०१५ ला मात्र तिथंच प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात, हरला, ते पण शेवटच्या दिवशी सात शॉट (फटके) मागून आलेल्या अनिर्बान लाहिरीकडून. २०१६ ला जिंकला, आणि २०१७ ला स्पर्धा गुरगावच्या लांबलचक डीएलएफ कोर्सवर गेली तर तिथंही सात शॉटनं जिंकला. हे सगळे साहेब का?

आणि राजाश्रय म्हणाल तर खासबागचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनीच बांधलं की, म्हणून कुस्तीला कोण राजेलोकांचा खेळ म्हणतंय का? पैसा कुणाचा आणि खेळलं कोण, हे दोन वेगळे हिशोब आहेत.

तुम्हाला भांडायचंच असेल तर खरा मुद्दा देतो. २०१७ नंतर २०२५ पर्यंत एकही भारतीय जिंकलेला नाही. मधे कोविडमुळं तीन वर्षं स्पर्धाच झाली नाही, ती सोडा, पण बाकी प्रत्येक वेळी ट्रॉफी बाहेर गेली, जर्मनी, जपान, स्पेन. आणि मोठी खाजगी कोर्सेस वाढत चाललीत तिथं कॅडीच्या पोराला सरावाला कोण घेणार? यावर लिहा, मी तुमच्या बाजूनं कॉमेंट टाकतो.