तीन वर्षांची बंदी जन्मभराची कशी करून घ्यावी

अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहणं कुणालाही जमतं. त्यात कौशल्य काही नाही. सकाळी उठायचं, नातीला बाबागाडीतून फिरवून आणायचं, दुपारी डुलकी काढायची. दिवस आपोआप भरत जातात. खरी कसोटी नंतर लागते. कायद्याने तीन वर्षांत मिटून गेली असती अशी शिक्षा खुबीने वाढवत जन्मभर पुरेल इतकी करायची, आणि मग ‘एवढी माफ करा’ म्हणत परत त्याच खिडकीपुढे उभं राहायचं. याला जाणकाराचं मार्गदर्शन लागतं. ते मी देतो. फी नको, आमच्या सोसायटीतल्या नानांनी ती तुम्हा सगळ्यांच्या वतीने भरून ठेवली आहे.

आधी नावाचा घोळ घालून घ्या, म्हणजे पाया पक्का होतो. ‘व्हिसा वेव्हर’ नावाची एक योजना आहे. तिच्यात चाळीसेक देशांचे नागरिक व्हिसाशिवाय नव्वद दिवस अमेरिकेत हिंडून येतात. त्या यादीत भारत नाही. आपल्याला लागतो तो वेव्हर वेगळा. मागे जे केलं त्यावरून मी प्रवेशाला अपात्र आहे हे मान्य, तरी तेवढ्याकडे काणाडोळा करून या खेपेला सोडा, अशी ती विनंती असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका हे दोन्ही एकच समजतात आणि ‘आता वेव्हर आलाय, व्हिसाच लागत नाही’ असं सकाळी सहाला कळवतात. त्यांना अंगठा दाखवा. म्हणजे मेसेजखाली.

आता हिशेब. अमेरिकेने 1996 मध्ये कायदा केला आणि त्यातलं हे कलम 1 एप्रिल 1997 पासून लागू केलं (तारीख त्यांनीच निवडली, मी नाही). बेकायदा मुक्काम 180 दिवसांच्या वर गेला आणि वर्षाच्या आत निघालात तर तीन वर्षं बंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा. गंमत अशी की ही बंदी सुरू होते देश सोडल्यावर. जो निमूट घरी परततो त्याच्यावर ती बसते. जो हललाच नाही त्याच्यामागे बाकी लचांडं असतात, पण ही नसते.

नाना हलले. 2009 च्या मार्चमध्ये ते लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले होते. विमानतळावर सहा महिने मिळाले. पासपोर्टात स्टेपल केलेल्या पांढऱ्या कार्डावर 2 सप्टेंबर ही तारीख होती. ऑगस्टमध्ये एडिसनच्या देवळात कुणीतरी सांगितलं, ‘‘इथे कोण बघतंय हो नाना? जाताना शिक्कासुद्धा मारत नाहीत.’’ हे शंभर टक्के खरं होतं. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टावर शिक्का बसत नाही. आपल्याकडे शिक्का नाही म्हणजे नोंद नाही, हे आपण तलाठी कार्यालयात शिकलेलो असतो. नाना 11 मार्च 2010 ला निघाले. काउंटरवरच्या मुलीने पांढरं कार्ड काढून घेतलं, गोड हसली आणि खिडकीची जागा दिली. विमान कंपनी प्रवाशांची नावं सरकारला कळवते, हे त्या हसण्यात कुठेही नव्हतं.

मोजून 190 दिवस. म्हणजे तीन वर्षं. म्हणजे मार्च 2013 मध्ये नानांची बंदी संपली होती. कुणालाही न विचारता, एक पै खर्च न करता, आपोआप. नाना त्या दिवशी बहुधा बँकेत एफडी रिन्यू करत असतील.

सामान्य माणूस इथेच थांबला असता. नाना 2019 मध्ये व्हिसासाठी एजंटकडे गेले.

एजंट निवडताना एवढंच बघा की तो फॉर्म तुम्हाला वाचू देत नाही. चांगल्या एजंटची ही पहिली खूण. डीएस-160 या व्हिसाच्या फॉर्मच्या शेवटी सुरक्षेचे प्रश्न येतात: दहशतवादी कारवाया केल्यात का, नरसंहारात भाग घेतलात का, अमली पदार्थ विकलेत का. आपला एजंट हे सगळं ‘नो, नो, नो’ करत इतक्या वेगाने खाली येतो की वाटेत ‘मुदतीपेक्षा जास्त राहिलात का’ या प्रश्नावरूनही घसरत जातो. नरसंहार केलेला नाही हे खरंच होतं. त्याच झटक्यात 190 दिवसही गेले. खाली सही मात्र अर्जदाराची असते, एजंटची नव्हे. ही व्यवस्था कुणी केली माहीत नाही, पण ज्याने केली त्याला आपले एजंट चांगले ठाऊक असावेत.

जुना पासपोर्ट हा पुढचा टप्पा. तो हरवावा. पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची तक्रार द्यावी, कोरा करकरीत नवा घ्यावा आणि गतायुष्य धुऊन निघालं असं समजावं. नानांनी जुना पासपोर्ट माळ्यावर पितळी समयांच्या ट्रंकेत ठेवला. मग वांद्रे-कुर्ला संकुलात जाऊन त्यांनी यंत्रावर बोटं टेकवली, आधी डावी चार, मग उजवी चार, मग दोन अंगठे. हीच दहा बोटं 2009 च्या व्हिसालाही दिली होती. पासपोर्ट माळ्यावर टाकता येतो. बोटं घरी ठेवून जायची सोय अजून निघालेली नाही.

वाणिज्य दूतावासात खिडकीमागच्या तरुण बाईंनी विचारलं, मागच्या वेळी किती दिवस होतात? नाना म्हणाले, ‘‘फाइव्ह-सिक्स मंथ्स.’’ बाईंनी पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तोच प्रश्न विचारला. ही दुसरी संधी असते हे तुमच्या लक्षात येऊ नये, असा माझा सल्ला आहे. नाना ठाम राहिले. मराठी माणूस एकदा बोलला की बोलला. बाईंनी एक छापील कागद सरकवला. त्यावर कलम होतं 212(a)(6)(C)(i): महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न. याला तीन वर्षं नाहीत, दहा नाहीत. ही बंदी जन्मभराची.

अशा रीतीने संपलेल्या बंदीतून नानांनी न संपणारी बंदी मिळवली. मुद्दल फिटलेल्या कर्जावर नवं गहाणखत करून देणारे सावकारीच्या गोष्टीत भेटतात, पण त्यांना निदान लिहिता-वाचता येत नसे. नाना पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते.

(तरुण वाचकांनी हिरमुसू नये. तुमच्यासाठीही सोयी आहेत. मिशिगनमध्ये ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ होतं. वेबसाइट, कार्यालय, प्रवेशाचं पत्र, सगळं चोख. नव्हते ते फक्त वर्ग आणि प्राध्यापक. ते अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून काढलं होतं, हे जानेवारी 2019 मध्ये उघड झालं आणि अडकलेल्यांत बहुतेक आपलीच मुलं निघाली. वर्ग नसलेल्या कॉलेजात नाव घालणं आपल्याला नवीन नसल्याने कुणाला संशय आला नाही. खोटी माहिती अर्जदाराने दिली की कलम लागतं, सरकारने दिली की तिला ऑपरेशन म्हणतात.)

आता वेव्हर. नानांना तो मागता येतो, कारण व्हिसा फिरायला जाण्याचा आहे. त्यासाठी कलम 212(d)(3) आहे. व्हिसा अधिकाऱ्याला पटलं तर तो शिफारस करतो, प्रकरण कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन या सीमा सांभाळणाऱ्या खात्याच्या खास कार्यालयाकडे जातं आणि काही महिन्यांनी हो किंवा नाही येतं. वाणिज्य दूतावासातून मागितलेल्या या वेव्हरला व्हिसाच्या 185 डॉलरपलीकडे वेगळी फी नसते. हे एजंटला सांगू नका. नानांना त्याने साठ हजार ‘वेव्हर चार्जेस’ लावले होते आणि पावती मागितल्यावर त्याला फार वाईट वाटलं होतं.

निकष 1978 च्या ‘मॅटर ऑफ ह्रांका’ या निकालापासून तीनच आहेत: तुम्हाला आत घेतलं तर समाजाला धोका किती, मागचा गुन्हा किती गंभीर, आणि यायचं कशासाठी. तिसऱ्याबद्दल तर त्याच निकालात म्हटलंय की कारण फार जबरदस्त असण्याची गरज नाही. म्हणजे ‘नातीला भेटायचं आहे’ एवढं पुरतं. नात जन्मली तेव्हा आजोबांनी मांडीवर घेतली होती, ती आता गाडी चालवायला शिकतेय आणि आजोबांना फक्त मोबाइलच्या पडद्यावर, तेही कपाळापासून वर, ओळखते. हे सगळं खरं होतं. पण खऱ्या कारणावर आपला विश्वास कधी बसलाय? शाळेत रजेच्या चिठ्ठीत आजी मारायची सवय. एजंटने 2023 मध्ये नानांसाठी लेकीचं हृदयाचं ऑपरेशन ठरवलं, तारखेसकट. लेक तेव्हा न्यू जर्सीत दहा किलोमीटरच्या शर्यतीचा सराव करत होती आणि फोटो फेसबुकवर टाकत होती.

यात एक अडथळा आणखी आहे, तोही पार पाडून घ्या. वेव्हर अपात्रतेचा मिळतो. ‘हा माणूस परत येईल’ ही खात्री 214(b) खाली वेगळी पटवावी लागते आणि ती पटली नाही तर वेव्हरपर्यंत गाडी जातच नाही. मागच्या खेपेला वेळेवर न परतलेल्या माणसाने यंदा वेळेवर परतेन असं पटवायचं. नाना त्यासाठी सातबारा, पेन्शनचं पुस्तक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि विठ्ठल मंदिराच्या विश्वस्त मंडळाचं पत्र असं सव्वा किलोचं बाड घेऊन गेले. अधिकाऱ्याने फाइलला हात लावला नाही. ऑपरेशनची तारीख विचारली, थोडं टाइप केलं आणि 214(b) चा कागद दिला. सातबाऱ्यावर विहिरीचीही नोंद आहे हे सांगायचं राहून गेलं, याची चुटपुट नानांना आजही आहे.

‘मग ग्रीन कार्डच करा, लेक नागरिक आहे ना’ असं चौथ्या मजल्यावरचे सांगतात. जरूर करा. त्या वाटेवरचा वेव्हर फॉर्म आय-601 वर मागतात, फी हजार डॉलरच्या वर, आणि तुमच्यावाचून अमेरिकेतल्या जवळच्या माणसाला ‘टोकाचा त्रास’ होतो हे दाखवावं लागतं. नुसता विरह टोकाचा धरत नाहीत. तो कायद्याच्या लेखी नेहमीचा त्रास. आणि जवळचं माणूस म्हणजे फक्त पती-पत्नी किंवा आईवडील. मुलं त्यात येत नाहीत. लेकीने डोळ्यांतून टिपं गाळून अमेरिकी अधिकाऱ्यांचे टोपलीभर रुमाल भिजवले तरी हिशेबात शून्य. नानांचे वडील अमेरिकेचे नागरिक असते तर काम सोपं होतं. ते 1971 मध्ये सांगलीला वारले, फारसं दूरदर्शीपण न दाखवता.

कोर्टात खेचू म्हणणारे सहाव्या मजल्यावर राहतात. जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका नागरिक पत्नीला सांगितलं की नवऱ्याला देशात आणू देण्याचा मूलभूत हक्क तिला राज्यघटनेने दिलेला नाही. सहाव्या मजल्याला हे कळवलं, ते लिफ्टच्या मेंटेनन्सवर बोलायला लागले.

उरतो बालाजी. हैदराबादजवळ चिलकूरला व्हिसावाला बालाजी आहे, मागताना अकरा प्रदक्षिणा, काम झाल्यावर एकशे आठ. नानांचे अकरा झाले आहेत, गुडघ्यांना पट्टे बांधून. देवाला त्यांनी मुक्कामाचे दिवस किती सांगितले हे मी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मात्र नाना स्वतःहून घरी आले. म्हणाले, आता एजंट नको, आता सगळं खरं लिहायचं, तू फक्त इंग्रजी बघ. मला भरून आलं. चहा टाकला. पत्र खरंच चांगलं होतं, दीड पान, ऑपरेशन नाही, विहीर नाही. 2019 ला खोटं बोललो, एजंटने भरलं तरी सही माझी होती, दोनदा विचारल्यावरही खोटंच सांगितलं, चूक झाली. नातीला एकदा बघायचं आहे. शेवटी लफ्फेदार सही, हेडक्लार्कची.

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: मी मुदतीनंतर एकूण 180 दिवस राहिलो.

‘‘नाना, 190 ना?’’

‘‘अरे हो,’’ नाना बशीत चहा ओतत म्हणाले, ‘‘पण 180 बरं दिसतं. दहा दिवसांनी असा काय फरक पडतो?’’