चूर्णाने स्मृती परत येते, या मजकुराविषयी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरत आहे. मेंदूत रोज लाखो नव्या चेतापेशी जन्मतात, अल्झायमरमध्येही हे थांबत नाही, उंदरांवर ते सिद्ध झाले आहे. तेव्हा आजोबांच्या गोळ्या बंद करा आणि ४० दिवस चूर्ण द्या, असे त्यात म्हटले आहे.

लाखांचा आकडा निराधार आहे. स्वीडनमधील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २०१३ मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४चे (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) पेशींच्या डीएनएमधील प्रमाण मोजून त्यावरून पेशींचे वय काढले आणि माणसाच्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, दिवसाला सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते, असा अंदाज मांडला. अख्ख्या मेंदूत चेतापेशी असतात सुमारे ८,६०० कोटी. शिवाय तेवढ्यावरही एकमत नाही: २०१८ मध्ये एका गटाला प्रौढांत अशा पेशी जवळजवळ सापडल्याच नाहीत, तर दुसऱ्याला त्या एकोणऐंशीव्या वर्षापर्यंत दिसल्या. या तफावतीचे एक कारण अगदी साधे आहे. कोवळी चेतापेशी डबलकॉर्टिन या प्रथिनावरून ओळखतात आणि मृत्यूनंतर काढलेला मेंदूचा तुकडा रसायनात फार काळ राहिला, तर ती खूण पुसट होते.

हे दाखवून देणाऱ्या माद्रिदच्या गटानेच २०१९ मध्ये मजकुरातला दुसरा दावा उलटा पाडला. ४३ ते ८७ वयाच्या, मेंदूचा आजार नसलेल्या १३ जणांत त्यांना अशा हजारो पेशी आढळल्या. अल्झायमरच्या रुग्णांत मात्र त्या सुरुवातीच्या टप्प्यापासूनच घटलेल्या होत्या. ज्या आजारात नव्या पेशी आटतात, त्याच आजारात त्यांच्या भरवशावर औषध सोडायला सांगणे याला काय म्हणावे?

उंदरांचे म्हणाल, तर १९९९च्या प्रयोगात नव्या पेशी वाढल्या त्या चाकावर धावणाऱ्या उंदरांत. चूर्णाचा तिथे संबंधच नव्हता. माणसांत २०११ मध्ये वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्के वाढले, पण जिवंत माणसाच्या मेंदूतील नव्या पेशी एमआरआयमध्ये मोजता येत नाहीत. बेळगावच्या किल्ला तलावाभोवतीची सकाळची फेरी चालू ठेवावी, एवढे यावरून खुशाल म्हणता येईल.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. या आजारात सर्रास दिली जाणारी डोनेपेझिल नव्या पेशी घडवत नाही. उरलेल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणारे अ‍ॅसिटिलकोलीन ती टिकवून धरते. ती एकाएकी थांबवली, तर रुग्णाची समज आणि रोजचे वागणे खालावू शकते. चूर्ण द्यायचेच असेल, तर ते आधी डॉक्टरांना दाखवावे आणि गोळी त्यांच्या सल्ल्याखेरीज बंद करू नये.