मुलीसाठी पाया पडणारा बाप

वडिलांवर संदेश म्हटला की आपल्याकडं ठरलेली नावं येतात. अब्राहाम, योसेफ, नाहीतर उधळ्या पुत्राचा बाप. मोठीच नावं आहेत ती. पण बापानं विश्वासानं कसं वागावं हे शिकायचं असेल, तर मी बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडा म्हणेन. तिथला याईर वाचा.

याईर सभास्थानाचा, म्हणजे यहुदी लोकांच्या प्रार्थनाघराचा अधिकारी. तिथली उपासना कशी चालवायची हे बघणारा, गावात वजन असलेला माणूस. आणि दिवस कसे, तर शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, एकाचा वाळलेला हात बरा केला म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्राला चिकटून असलेले यहुदी, येशूच्या जिवावर उठलेले. अशा वेळी हा माणूस समुद्रकाठच्या भर गर्दीत येशूच्या पाया पडतो. गडी पाठवला नाही, बायकोला पुढं केलं नाही. आपल्या पदाचं काय होईल, लोक काय म्हणतील, याचा विचार त्यानं बाजूला ठेवला. कुणासाठी? मरणाला टेकलेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी. लूकचं शुभवर्तमान सांगतं, ती एकुलती एक होती.

2001 च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली होत्या. 2011 ला आकडा थोडा सुधारला, एवढंच. ख्रिस्ती घरांत तसलं काही नसतं म्हणून आपण सुटत नाही. "दुसरीपण मुलगीच का?" हा प्रश्न माझ्या बायकोला उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर विचारला गेलाय. 1852 ला अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब कोल्हापुरात आले, मिशननं मुलींसाठी शाळा काढल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. मग मुलगी झाली की बापाचा चेहरा का उतरावा?

येशू याईरच्या घरी निघतो, पण वाटेत खोळंबा होतो. बारा वर्षं रक्तस्रावानं पिडलेली एक बाई गर्दीतून येऊन येशूच्या वस्त्राला शिवते आणि येशू थांबतो. मला कोण शिवलं म्हणून विचारत बसतो. इकडं याईरची लेक शेवटच्या घटका मोजतेय! तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर टाकून रात्री सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, पळालेल्या बापाला विचारा. केसपेपरच्या रांगेत पुढचा माणूस सुटे पैसे शोधत असला, तरी जीव कसा वरखाली होतो ते तो सांगेल. याईरच्या तोंडी मात्र मार्कनं तक्रारीचा एक शब्द घातलेला नाही. त्या बाईशी येशूचं बोलणं चालू असतानाच घरून निरोप येतो, मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला? येशू त्याला एवढंच म्हणतो, भिऊ नको, विश्वास मात्र धर. आणि याईर त्याच्यासोबत घराकडं चालत राहतो. मोठी प्रार्थना नाही, साक्ष नाही. माझ्या मते त्याचा विश्वास त्या चालण्यात आहे.

इथं एक सांगायलाच हवं. याईरची मुलगी पुढं जिवंत उठते. पण ज्यांचं लेकरू उठलं नाही, त्या आईबापांचा विश्वास कमी पडला असं कुणी चुकूनही म्हणू नये. कुणाच्या मयतीला जाऊन असलं बोलणं हे पाप आहे.

घरी रडारड, वर येशूला हसणारी माणसं. तो सगळ्यांना बाहेर काढतो आणि तीन शिष्यांबरोबर आईबापाला आत नेतो. आईला आणि बापाला, दोघांनाही. आपल्याकडं मात्र लेकरांचा विश्वास म्हणजे आईचं खातं झालंय. शब्बाथशाळा आई बघणार, पाठांतर आई घेणार, आजारपणात गुडघे आई टेकणार. बाबा चर्चच्या हार्वेस्ट सणाच्या लिलावात बोली लावणार.

माझे वडील शिवाजी उद्यमनगरात लेथवर होते. साबणानं कितीही घासलं तरी बोटांच्या रेषांत काळं ऑइल राहायचंच. सेकंड शिफ्टला निघताना तोच हात आम्हा भावंडांच्या डोक्यावर ठेवून ते प्रार्थना करायचे. दोन वाक्यं, आमेन, की सायकलवर टांग. मंडळीचा कारभार बघणारे पंच ते कधीच नव्हते. पण आमच्या घरात देवाचं नाव पुरुषाच्या तोंडून निघायचं, आणि त्याचं मोल मी स्वतः बाप झाल्यावर मला जास्त कळतंय.

मुलगी उठली तेव्हा येशूनं काय सांगितलं? तिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला आणि लगेच जेवणाची गोष्ट! म्हणून मला वाटतं, मुलीचा डबा भरणं, पालकसभेला जाणं, तिच्याबरोबर स्तोत्र पाठ करणं हे सगळं बापाचंच काम आहे. 'मदत' म्हणून करायचं ते नव्हे.

जो आपलं घर चालवू शकत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, असं प्रेषित पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात विचारलंय. आपण पंच निवडताना दुकान बघतो, नोकरी बघतो, भावकी बघतो. मंडळीच्या येत्या वार्षिक सभेत मी मांडणार आहे की उमेदवारी देण्याआधी पाळकसाहेबांनी त्या भावाच्या घरी जाऊन त्याच्या लेकरांशी बोलावं. विरोध होईल हे माहीत आहे. ज्या भावाबहिणींना हे पटतंय त्यांनी सभेत सोबत उभं राहावं, ही विनंती.