फोटो खरा, वरची ओळ खोटी

‘व्हिडिओ हलतोय, अंधारातला आहे, म्हणजे तो अस्सल. स्फोटाचा आवाज आहे, म्हणजे अस्सल. टीव्हीवर आला, मग शंकाच नको. आणि गूगलवर सापडत नसेल तर तो ताजा आहे, बिनधास्त पुढे पाठवा.’ युद्धाचे व्हिडिओ ओळखायच्या या चार खुणा आमच्या साताऱ्यातल्या ग्रुपांवर फिरतायत. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घराघरांतून माणूस फौजेत आहे, तिथं हा मजकूर पसरणं मला भयंकर वाटतं.

मे २०२५ मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी, ‘राफेल पाडलं’ असं लिहिलेला एक फोटो माझ्या चुलतीच्या मोबाइलवर आला. तिचा पोरगा हवाई दलात टेक्निशियन आहे. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नाही. तो फोटो होता पंजाबात मोग्याजवळ २०२१ मध्ये कोसळलेल्या मिग-२१ या लढाऊ विमानाचा. पीआयबीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयानं, तसा खुलासाही केला होता. फोटोत कुणी काही फेरफार केला नव्हता. खोटी होती ती फक्त वरची ओळ, आणि ती पकडायला चारांतली एकही खूण कामाची नाही.

आता एकेक खूण घेऊ. घाबरलेल्या माणसाचा हात थरथरतो, हे खरंच. पण ‘आर्मा ३’ या गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून इतकी फिरली, की २०२२ मध्ये तो गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीलाच निवेदन काढावं लागलं. त्यांनी सांगितलेली लक्षणं बघा: खराब दर्जा, हलता कॅमेरा, अंधार, हालचाल करणारी माणसं जवळपास नाहीतच. गेममधला धूर आणि माणसांची चाल कृत्रिम दिसते, ती अंधारात झाकली जाते. म्हणजे मजकुरातली पहिली खूण उलट संशयाची आहे.

आवाज कुणीही चिकटवू शकतं, आता एआय तो चित्राबरोबरच तयार करतं. आमच्या यवतेश्वराच्या डोंगरावर वीज चमकते आणि गडगडाट मागून येतो, तसंच स्फोटाचं. एक किलोमीटरवरचा आवाज पोचायला सुमारे ३ सेकंद लागतात. लांबच्या स्फोटात उजेड आणि आवाज एकदमच आले तर थांबा. पण हिशेब जुळला तरी निर्धास्त होऊ नका. बैरूत बंदरातल्या ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटाचा खराखुरा व्हिडिओ त्याच मे २०२५ मध्ये भारतावरचा क्षेपणास्त्र हल्ला म्हणून फिरला.

टीव्हीचं काय सांगावं! ८ मेच्या रात्री अनेक वाहिन्यांनी पडद्यावरच कराची बंदर उद्ध्वस्त केलं. नौदलानं नंतर पत्रकार परिषदेत सांगितलं ते एवढंच, की हल्ल्याची तयारी होती. कराचीच्या नावानं फिरलेला एक व्हिडिओ तर फिलाडेल्फियातल्या जानेवारी २०२५ च्या विमान अपघाताचा निघाला.

चौथी खूण सगळ्यांत घातक. चित्रावरून शोधणाऱ्या गूगल लेन्समध्ये आलेला आख्खा व्हिडिओ टाकून शोधता येत नाही, चित्र लागतं. दृश्य बदलतं तिथले तीन-चार स्क्रीनशॉट काढून शोधा. दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या तर चित्र आरशासारखं फिरवलंय. ते सुलटं करून पुन्हा शोधा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेल्या फोटोतून तारीख-ठिकाणाची माहिती गळून जाते, त्यामुळे तिथं उत्तर मिळणार नाही. एवढं करूनही काही सापडलं नाही, तर आपल्याला माहीत नाही एवढंच ठरतं. मग पुढे पाठवायचं नाही.

चुलतीला मोग्याची जुनी बातमी दाखवली. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, “आरं, मग ज्यानं धाडला त्याला कुणी इचारलं का?” पाठवणारा आमच्याच आळीतला होता. मी त्याच्या घरी गेलो, बातमी दाखवली. त्यानं तो फोटो लगेच काढून टाकला. तोवर त्यानं तो आणखी चार ग्रुपांवर पाठवला होता.