एप्सम सॉल्ट नाही म्हणून कुंडीत मीठ? अजिबात टाकू नका

मावशीने तो फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "करून बघू का गं?" म्हणून हे लिहायला बसलेय. तुम्हालाही आला असेलच, त्यात म्हटलंय: जास्वंद, चाफा, बोगनवेल, अडेनियम, ऑर्किड, कुठलंही फुलझाड असो, दर आठवड्याला कुंडीत दोन चमचे एप्सम सॉल्ट टाका, महिन्याभरात झाड फुलांनी लगडेल. एप्सम सॉल्ट मिळालं नाही तर घरातलं साधं मीठ चालेल. कळ्या गळत असतील तर प्रमाण दुप्पट करा. वर आणखी केळीच्या सालींचं पाणी आणि वापरलेली चहापत्ती.

आधी त्या साध्या मिठाचं बोलू, कारण बाकीचं चुकलं तर फारतर फुलं येणार नाहीत, याने झाड मरतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट आणि स्वयंपाकातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, एकाच्या जागी दुसरं चालायचा प्रश्नच येत नाही. मीठ मातीत गेलं की मुळांबाहेरच्या पाण्यात क्षार वाढतात आणि मुळांना ते पाणी ओढून घेता येत नाही, म्हणजे कुंडी ओलीचिंब आणि झाड मात्र तहानलेलं. पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, मग पानं माना टाकतात, आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, खत कमी पडलं, म्हणून आपण अजून काहीतरी ओततो. त्यात सोडियममुळे चिकणमातीची ढेकळं फुटून माती घट्ट बसते, निचरा बंद होतो, मुळं गुदमरतात. जमिनीत निदान पावसाने क्षार खाली वाहून जातात, कुंडीतून ते जाणार कुठे? कुंडीच्या कडेला आणि खालच्या भोकाशी जो पांढरट खरखरीत थर दिसतो ना, ते साचलेले क्षारच असतात.

ज्यांनी आधीच मीठ टाकलंय त्यांनी वरची इंचभर माती खरवडून काढा, खालचं भोक मोकळं आहे ना बघा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीन पट साधं पाणी हळूहळू वरून सोडून खालून वाहून जाऊ द्या. ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या, नाहीतर तेच परत वर शोषलं जातं. पाणी खाली उतरतच नसेल तर सरळ माती बदला.

आता एप्सम सॉल्ट. यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हरितद्रव्याच्या रेणूत मधोमध मॅग्नेशियम असतं, ते कमी पडलं की खालची जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून मधेमधे पिवळी पडतात. हलक्या रेताड मातीत किंवा नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे होऊ शकतं, आणि तेव्हा एक छोटा चमचा चारेक लिटर पाण्यात विरघळवून दिला तर उपयोग होतो. पण पिवळेपणा वरच्या कोवळ्या पानांत असेल तर बहुतेक वेळा लोह कमी पडत असतं, तिथे हे देऊन काही होणार नाही.

वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या उद्यानतज्ज्ञ लिंडा चॉकर-स्कॉट यांनी एप्सम सॉल्टवरचं संशोधन तपासून नेमकं हेच मांडलंय, की अभ्यास आहेत ते मुख्यतः शेतीतल्या, मॅग्नेशियमची कमतरता असलेल्या पिकांवरचे आहेत आणि कमतरता नसताना घरच्या झाडांना ते देण्याला शास्त्रीय आधार नाही. उलट जास्तीचं मॅग्नेशियम पोटॅशियम आणि कॅल्शियमच्या वाटेत आडवं येतं, आणि जास्वंदीला तर पोटॅशियम भरपूर लागतं. म्हणजे फुलांसाठी म्हणून जे टाकायचं त्यानेच फुलांच्या मुळावर यायचं!

आणि सगळ्या झाडांना एकच माप कसं चालेल? अडेनियम कोरड्यात सुखी, बोगनवेल पाण्याचा थोडा ताण दिला की जास्त फुलते, ऑर्किडची मुळं तर मातीत नसतातच, झाडाच्या सालींच्या तुकड्यांत असतात.

कळ्या गळतात त्याला प्रमाण दुप्पट करा हे वाचून मला खरंच राग आला. पाणी कधी खूप कधी अजिबात नाही, कुंडीची जागा अचानक बदलली, एकदम उष्मा वाढला, कशानेही कळ्या गळतात. जास्वंदीत आणखी दोन कारणं नेहमीची, ती डोळ्यांनी बघता येतात. कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक रेघेएवढे किडे पळताना दिसले तर थ्रिप्स. गळलेली कळी उभी फाडा, आत पिवळट बारीक अळ्या दिसल्या तर ती एका छोट्या माशीची पिल्लं. या अळ्या मातीत उतरून कोष करतात आणि पुन्हा माशी होऊन नव्या कळ्यांवर येतात, म्हणून पडलेल्या आणि पिवळ्या पडलेल्या कळ्या रोज उचलून पिशवीत घट्ट बांधून टाका. मिठाने अळ्या जात नाहीत.

केळीच्या सालींच्या पाण्यात फार काही उतरत नाही, चिलटं मात्र होतात. चहापत्ती स्वच्छ धुऊन कंपोस्टमध्ये जाऊ द्या, दूध-साखरेसकट कुंडीत टाकली की मुंग्या येतात आणि मुंग्या मिलीबगला, म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या किडीला, सांभाळतात.

मावशीची जास्वंद फुलत नाही कारण ती सावलीत आहे. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. एकदम कडक उन्हात नेऊ नका, पानं भाजतात, आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवा. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, तेव्हा लांबलेल्या फांद्या डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर छाटा. नवी फूट येऊन कळ्या धरायला दोन-तीन महिने लागू शकतात, तोवर मावशी, कुंडीत माती हाताला कोरडी लागली की पाणी आणि अधूनमधून थोडं खत, बस.