खुलासा: अॅरिस्टन कॅफेबद्दलची माझी जुनी पोस्ट चुकीची आहे

मागे मी लिहिलं होतं की अमेरिकेत रूट ६६ या जुन्या हायवेवरचं अॅरिस्टन कॅफे १९२४ पासून त्याच जागी, त्याच इमारतीत चालू आहे. आता त्याचा स्क्रीनशॉट या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. चूक माझीच, म्हणून सांगतो.

१९२४ हे साल बरोबर आहे, पण जागा वेगळी. पिथोस अॅडम या ग्रीक माणसाने हे हॉटेल इलिनॉय राज्यातल्या कार्लिनव्हिलला काढलं, आणि तेव्हा रूट ६६ नव्हताच, रस्त्याला तो नंबर मिळाला नोव्हेंबर १९२६ मध्ये! हे तारखा शेजारीशेजारी ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं, आधी यायला हवं होतं. पुढे हायवे लिचफिल्ड या दुसऱ्या गावावरून नेला, मग गिऱ्हाईक जिकडे तिकडे हॉटेल, तेही लिचफिल्डला गेलं. कॅफेच्या फोटोत दिसते ती विटांची बैठी इमारत १९३५ ची, २००६ मध्ये तिथल्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेली ती हीच.

म्हणजे नाव १९२४ चं, भिंती १९३५ च्या. जुना स्क्रीनशॉट प्लीज पुढे पाठवू नका, कुणाला पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.